वासुदेवरावाची तेरवी

१८ नोव्हेंबर १९८२

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आज छातीला वायरी लावून लांबलचक कागद काढला, तो नाकाजवळ धरून पाहिला आणि विचारलं, "गुरुजी, तुम्हाला राग फार येतो का?"

मी नाही म्हणालो. सत्यभामा बाजूच्या स्टुलावर बसली होती. तिला विचारलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "एकाच माणसाचा येते जी यायले. साडेआठ वर्सं होऊन राहिले."

डॉक्टर पोरसवदा आहेत, माझ्या हाताखाली शिकले असते तर दोन छड्या खाल्ल्या असत्या असे. गोळ्या दिल्या, मीठ कमी केलं, लोणचं बंद केलं. मग म्हणाले की गोळ्यांनी अर्धंच काम होईल. रोज सकाळी दोन मैल चाला. दिवसातून एकदा पोटभर हसा. दुपारी बायकोशी चार शब्द बोला, काहीतरी खेळा. हातांना आवडेल असं एखादं काम करा. आणि दिवसात काय बरं वाटलं ते संध्याकाळी वहीत लिहा, मग ते कितीही क्षुल्लक असो. असं केलंत तर वीस वर्षं जगाल, राग धरून बसलात तर दोन.

परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी विचार केला. वीस वर्षं जगून मला काय करायचं आहे? एकच गोष्ट. वासुदेवरावाच्या आधी मरायचं नाही.

म्हणून ही वही. जावयाने दिलेली खतवाल्यांची १९८० सालची डायरी आहे, तारखा खोडून लिहितो आहे.

आजचं बरं: भंडाऱ्यात पितळेचा नवा लोटा घेतला. भाव करताना दुकानदार थकला.

१९ नोव्हेंबर

वही माझीच आहे, तरी काय झालं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे उद्या म्हातारपणाने माझ्याच मनात माया उपजायला नको.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात वासुदेवरावाच्या धाकट्या मुलीचं, गुलाबचं लग्न झालं. हे स्थळ मी आणलं. पत्रं मी लिहिली. वासुदेवराव आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. चार दिवस मी त्याच्या मांडवात राबलो, शाळेतल्या सतरंज्या डोक्यावर वाहिल्या. पाचव्या दिवशी दुसऱ्या पंगतीत बसलो. पानावर भात पडला, वरण पडलं, मी पानाभोवती पाणी फिरवलं आणि भातात हात घातला. तेवढ्यात वासुदेवराव घामाघूम होऊन आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, उठ बरं जरा. नवरदेवाचे मामा आले नाकाडोंगरीचे. रागावून राहिले, जागा नाही म्हून."

दोनशे माणसांच्या देखत मी भरल्या पानावरून उठलो. बोटांना भात तसाच होता. तो मामा, लक्ष्मणराव का कोण, मिशांवर हात फिरवत माझ्या जागी बसला. मी मांडवाच्या दाराशी थांबलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वासुदेवराव, आता तुह्या घरी जेवीन तं तुह्या तेरवीलेच जेवीन."

अख्ख्या एकोडी गावाला हे तोंडपाठ आहे. दुसऱ्या दिवशी तो झाकलेलं ताट घेऊन दारात आला होता. मी दार लावून घेतलं. ताट पायरीवर ठेवून गेला, ते कुत्र्याने खाल्लं. तेव्हापासून त्याच्या घरचं पाणी नाही की बोलणं नाही.

तेव्हा मी जगणार. त्याच्या तेराव्या दिवशी पहिल्या पंगतीत बसणार आणि पोट फुटेस्तोवर जेवणार.

२१ नोव्हेंबर

चालायला सुरुवात केली. तलावाच्या बांधावर, पाळीवर, जायला दोन वाटा आहेत. शाळेकडची सपाट आहे. दुसरी वासुदेवरावाच्या अंगणावरून जाते, तिथे चिखल असतो. मी चिखलाची धरली.

तो अंगणात उकिडवा बसून निंबाच्या काडीने दात घासत होता. मी छाती काढून, हात झुलवत गेलो. त्याची काडी तोंडातच थांबली. परत येतानाही तो तिथेच होता. त्याला कळलं असणार की मास्तर एवढ्यात जात नाही.

आजचं बरं: काडी थांबली. शिवाय भूक लागली, तीही बऱ्याच दिवसांनी.

२६ नोव्हेंबर

हसणं जमत नाही. आरशासमोर करून पाहिलं, दातांचीच चिंता वाटली. मग वेळ ठरवली. धानाचे भारे घेऊन वासुदेवरावाची बैलबंडी रोज नऊच्या सुमारास माझ्या घरावरून जाते. आज ती आली तसा मी ओट्यावर उभा राहून मोठ्याने हसलो. बैल बुजले. एक भारा खाली पडला. वासुदेवरावाने भारा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि बैल हाकले.

दुपारी बायजाबाई शेजारीण सत्यभामेला हळूच विचारून गेली, "गुरुजीले काही बाहेरचं तं नाही लागलं? एकटेच हासून राहिले म्हणते लोक." हे सत्यभामेने मला सांगितलं आणि आम्ही दोघं असे हसलो की मला ठसका लागला. हे हसू मोजायचं की नाही, डॉक्टरांना विचारलं पाहिजे, कारण त्यात वासुदेवरावाचा संबंध नव्हता.

४ डिसेंबर

हातांचं काम ठरलं. सकाळच्या उन्हात बसून लोटा घासतो. चिंच आणि राख. घासून घासून त्यात माझं तोंड दिसायला लागलं, पण भोपळ्यासारखं. सत्यभामा म्हणते, लोट्याचा दोष नाही तो.

जेवणानंतर ओसरीवर खडूने घर आखून चिंचोक्यांचा अष्टाचंगा खेळतो. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि चौथी शिकलेल्या बाईकडून रोज हरतो. आज ती जिंकता जिंकता म्हणाली, "एक सांगू काय? राग नाही येन तं."

"सांग."

"तुमाले उठवलं वासुदेवभाऊनं, ते तुमी आपले म्हून उठवलं. परक्याले थोडी उठवता येते पंगतीतून. घरच्यालेच सांगते माणूस, तू उठ बाबा, मंग जेव."

मी चिंचोके उधळून उठलो. आज काही बरं नाही. लिहिणार नाही.

१९ डिसेंबर

वासुदेवरावही पाळीवर फिरायला लागला आहे. माझं पाहून. मी उगवतीकडून निघतो, तो मावळतीकडून. तलावाच्या मधोमध आम्ही समोरासमोर येतो आणि दोघंही पाण्याकडे पाहतो. चार दिवस असं चाललं. आज तो थांबला. साडेआठ वर्षांनी त्याचा आवाज मी जवळून ऐकला.

"काय गा मास्तर, अजून जित्ता आहेस?"

"तुह्या तेरवीसाठी थांबलो."

"मंग थांब. धानाचा चुरणा होऊ दे. नवा तांदूळ निंघला का बरं पडन तुले. जुना तुले पचत नाही."

मला जुना तांदूळ पचत नाही हे त्याला आठवतं. माणूस किती डूख धरून आहे पाहा. घरी येईपर्यंत उत्तर सुचलं नाही, त्याचाच संताप आहे. उद्यासाठी दोन उत्तरं तयार करून ठेवली आहेत.

आजचं बरं: पाळीवर शिंगाडेवाली बसली होती. गरम उकडलेले शिंगाडे घेतले, बिनमिठाचे.

७ जानेवारी १९८३

डॉक्टरांनी आनंदाची कल्पना करायला सांगितलं नव्हतं, ते मी आपणहून सुरू केलं. आज लोटा घासताना त्याच्या तेरवीचा स्वयंपाक ठरवला. उडदाचे वडे. सुवाऱ्या, तेलात फुगलेल्या, मऊ. वांग्याची भाजी. कढी. लाखोळीच्या डाळीचं वरण. बुंदी वाढणारा आला की मी पानावरून हात काढणार नाही. आणि त्या दिवशी लोणचं खाणार, डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे. फोड जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि त्याच्या फोटोकडे तोंड करून चोखायची.

शेवंती फुलली आहे. ती मी कुंपणापाशी त्याच्या वाटेवर मुद्दाम लावली होती. काल येताना तो वाकून वास घेत होता. मी खाकरलो तसा सरळ झाला. फुलं लावली मी आणि वास घेतो हा.

आजचं बरं: साकोलीच्या दवाखान्यात रक्तदाब मोजला. उतरला आहे.

२८ जानेवारी

दहा दिवस झाले, पाळीवर तो आला नाही. तयार केलेली उत्तरं वाया चालली आहेत. परवा शाळेत झेंडावंदनाला गेलो तिथेही नव्हता. अंगणातली खाट उभी करून ठेवली आहे. मला काय त्याचं? पण वेळेचं बंधन नसलेल्या माणसाचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे.

२ फेब्रुवारी

सत्यभामा विहिरीवरून आली आणि घागर न उतरवताच म्हणाली, "वासुदेवभाऊले नागपूरले नेलं होतं. पोटात गाठ निंघाली. आता कापून काही होत नाही म्हणते डॉक्टर. घरवाली त्यायची, रुखमिणीबाई, रडून राहिली होती."

"किती दिवस?" मी विचारलं.

"पावसाळ्यालोक."

म्हणजे मी जिंकलो. अडीच महिने चाललो, हसलो, अळणी खाल्लं, त्याचं चीज झालं. देवाने माझं गाऱ्हाणं ऐकलं आणि ज्याने मला उठवलं त्यालाच उठवायचं ठरवलं. मला फार आनंद झाला आहे.

संध्याकाळी त्याच्या घरावरून चार वेळा गेलो. चालणं वाढवलेलं बरं. आज हसायचं राहिलं. उद्या दोनदा हसून भरून काढीन.

१० फेब्रुवारी

दाब चढला आहे. साकोलीचे डॉक्टर म्हणाले, गुरुजी, तुम्ही मन लावून करत नाही. आता आणखी काय मन लावू? चालतो. लोटा तर इतका घासला आहे की सत्यभामेने लपवून ठेवला. फक्त हसणं बंद पडलं आहे. आज अष्टाचंग्यात मी जिंकलो आणि ती रडायला लागली. बायकांचं काही सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी

आज माझा घात झाला.

केशवराव आले होते, गावातले सगळ्यांत वयस्कर. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मास्तर, येत्या सत्तावीसले वासुदेवाची तेरवी आहे. तुमाले बोलावणं."

ओट्याची कड हाताने धरली. "कधी गेला?" एवढंच विचारलं.

"गेला कुठं, बसला आहे घरी. जित्तेपणी करून राहिला. पोरगा नाही त्याले. म्हणते, मांगं कोणाच्या गळ्यात कायले, आपल्या डोळ्यानं पाहून घेतो. आपल्या लोकांत केली आहे आधी काही जणायनं." मग काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "पहिलं बोलावणं मास्तरले दे म्हणला. दुसरं कोणालेच अजून नाही दिलं."

मी म्हणालो ही लबाडी आहे. मेल्याशिवाय कसली तेरवी? मला जेवायचं आहे ते तो नसताना.

"तुमी तेरवीले जेवीन म्हणलं, साऱ्या गावानं आयकलं," केशवराव म्हणाले. "आता नाही आले तं गाव म्हणन, मास्तरच्या बोलाले वजन नाही."

असा पेच टाकला आहे त्याने. नाही गेलो तर माझा शब्द जातो, गेलो तर तो जिवंतपणी मला वाढणार. मरता मरताही हा माणूस मला सुखाने सूड घेऊ देत नाही.

२७ फेब्रुवारी

गेलो. कडक इस्त्रीचं धोतर नेसून गेलो.

पहिल्या पंगतीत पहिलं पान माझं. वासुदेवराव पार वाळला आहे, सदरा खुंटीला लावल्यासारखा अंगावर लोंबतो. पण स्वतः वाढायला निघाला. बाकीच्यांनी टोपली हातातून घेऊ पाहिली, दिली नाही. माझ्या पानावर ठेवताना सुवारी निसटून भातावर पडली. वडे होते, कढी होती. मी मनात जे जे ठरवलं होतं ते सगळं होतं, आणि भात नव्या तांदळाचा होता.

मी सहा सुवाऱ्या खाल्ल्या. लोणचं मागितलं. त्याने फोड वाढली आणि मग माझ्या मागे जाऊन उभा राहिला. सबंध पंगत उठेपर्यंत तो माझ्या मागे खांबाला धरून उभा होता. सरपंच आले, जागा शोधत इकडे आले, तर त्यांना म्हणाला, "इकडे नाही जी, तिकडे बसा." मला मान वळवून पाहायचं नव्हतं. मी जेवत राहिलो. फोटोकडे तोंड करून चोखायची म्हणून ठरवलेली ती लोणच्याची फोड पानातच राहिली, कारण फोटो नव्हता आणि डोळ्यांत तिखट गेलं होतं.

हात धुवायला त्यानेच पाणी घातलं. म्हणाला, "पोट भरलं काय, पुंडल्या?"

पुंडल्या मला आता कोणी म्हणत नाही. म्हणणारे सगळे गेले, एक हा उरला आहे.

मी म्हणालो, "ही तेरवी मी मोजत नाही. फसवलं तू मले."

"मंग?"

"मंग काय. सोडत नाही मी तुले. उद्यापासून पाळीवर यायचं. सकाळी सहाले."

आजचं बरं: काही नाही. सूड अर्धवट राहिला.

१ मार्च

त्याचा असा छळ मांडला आहे की त्याला जन्मभर आठवेल. माझ्या डॉक्टरांनी मला जे सगळं लावलं ते मी त्याला लावलं. सकाळी सहाला त्याच्या अंगणात जाऊन हाक मारतो. काठीने चालवतो. लोणचं बंद. आज अर्ध्या पाळीवर मटकन बसला, म्हणाला, "मारतोस काय बे?" मी म्हणालो, "तेच तं करून राहिलो." तो हसला. मग मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. एकाच हसण्यात दोघांचं भागलं.

२२ एप्रिल

दुपारी अष्टाचंग्याला तोही येऊन बसतो. सत्यभामा दोघांना हरवते. तो चिंचोके चोरतो, लहानपणीही चोरायचा. मी पकडलं तर म्हणतो, मेलेल्या माणसावर आळ घेऊ नये, माझी तेरवी झाली आहे. लोटा त्याच्याकडे घासायला दिला. आता माझ्यापेक्षा चांगला घासतो, हे मी त्याला सांगणार नाही.

आजचं बरं: लिहायला बसलो तर खूप निघालं. कंटाळा केला.

३ जुलै

पाळीपर्यंत येत नाही आता. मी आपली एकट्याची एक फेरी करतो आणि त्याच्या खाटेशी बसून काय पाहिलं ते सांगतो. कोणाच्या बांधीत धानाचा रोवणा लागला, तलाव किती भरला, शिंगाड्याचे वेल कुठवर आले. खोटं सांगितलं तर त्याला लगेच कळतं. आज त्याने विचारलं, "तवा कायले बोलला असा, पुंडल्या? मी तं तुलेच उठवू शकत होतो."

मी म्हणालो, "पाणी पी."

९ ऑगस्ट

वासुदेव गेला. सकाळी, मी पाळीवरून यायच्या आत.

मी जिवंत आहे. ठरल्याप्रमाणे झालं.

२१ ऑगस्ट

त्याच्या मुलींनी तेरवी केली. एकदा झाली आहे, पुन्हा कशाला, असं काही जण म्हणाले. गुलाब म्हणाली, बाबाची ती होती, ही आमची. पाऊस सारखा लागून होता. मला पहिल्या पंगतीत पहिलं पान दिलं. केशवराव काठी टेकत आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बसा मास्तर. हे खरी."

वाढून झालं. भात, वरण. मी पानाभोवती पाणी फिरवलं, भातात हात घातला. समोर खरंच फोटो होता, शेवंतीचा काळ नसल्याने झेंडूचा हार घातलेला. सव्वानऊ वर्षांत मी एवढ्याचीच वाट पाहिली होती.

तेवढ्यात तुमसरची एसटी उशिरा पोहोचली असं कोणी म्हणालं आणि मांडवाच्या तोंडाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. चिंब भिजलेला, काठीवर वाकलेला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या तरी मी ओळखलं. नाकाडोंगरीचे लक्ष्मणराव, गुलाबचे मामसासरे. पंगत गच्च होती. गुलाब हातात भाताचं गंज घेऊन पंगतीत उभी, इकडे पाहते, तिकडे पाहते. कोणाला सांगावं ते तिला कळत नव्हतं. बापाला कळायचं.

मी उठलो. बोटांना भात तसाच होता.

"काका, तुमी कायले उठता?" गुलाब म्हणाली.

"पाव्हणे आहेत ते. बसू दे त्यायले. आपण मांगून जेवू."

लक्ष्मणराव माझ्या जागी बसले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, वरणाची बादली घेतली आणि वाढायला निघालो. तीन पंगती उठल्या. एकही पाव्हणा उपाशी गेला नाही. शेवटी मागच्या पडवीत रुखमिणीवहिनी, दोघी मुली, सत्यभामा आणि मी असे जेवायला बसलो. वडे संपले होते. दोन सुवाऱ्या माझ्या वाट्याला आल्या, गार झालेल्या. वहिनींनी न विचारता लोणचं वाढलं.

तर वासुदेवरावाने मला दुसऱ्यांदा भरल्या पानावरून उठवलं. या वेळी त्याला यावंसुद्धा लागलं नाही.

आजचं बरं: घरच्यांच्या पंगतीत जेवलो.